भिंतीतले भाडेकरू

आमच्या गायीला वशिंड नव्हतं. एवढ्या एका कारणावरून बोरिवलीच्या सुशिक्षित बायकांनी तिला गाय मानायला नकार दिला, आणि तिथून आमची वाट लागली.

गाय आमच्याकडे आली ती गिरण्यांच्या संपामुळे. संप सुरू झाला तेव्हा बाबा म्हणाले, दिवाळीपर्यंत मिटेल. दिवाळी आली, गेली, पुढची आली, तीही फराळाशिवाय गेली. चाळीतल्या बाकीच्या गिरणीवाल्यांनी आपापली सोय बघितली. कुणी वड्याची गाडी टाकली, कुणी बिल्डिंगचा वॉचमन झाला, कुणी बोचकं बांधून कोकणात परतला. आमच्या बाबांना असलं सरळसोट काही सुचणं शक्यच नव्हतं. आयुष्यभर मागावर उभा राहिलेला हा माणूस एका सकाळी वसईकडून गाय घेऊन आला. तीही साधी गाय नाही, संकरित. काळी-पांढरी, उंच, पाठ इस्त्री केल्यासारखी सपाट. आईने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ही आमकां पोसतली, काय आमी हिका?"

त्या दिवसापासून आई तिला मॅडम म्हणायला लागली. चाळीतही तेच नाव रूढ झालं.

आमची खोली चाळीतली शेवटची. पलीकडे नाला, त्यापलीकडे रिकामं रान, आणि रस्त्याच्या अंगाला नव्या बिल्डिंगी उगवायला लागलेल्या. खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून बाबांनी गोठा उभा केला. भिंत दगड-मातीची, जुनी, गिलावा ठिकठिकाणी सुटलेला, सांध्यांतून बोट जाईल अशा भेगा. बाबा म्हणाले, गायीला काय, भिंत बघायचीय की चारा खायचाय? हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

आईने मात्र पहिल्याच आठवड्यात नोटीस देऊन टाकली. "ही गाय टिकली तर टिकली. नाय टिकली तर चेडवाची दहावी झाली काय आमी गावाक. मगे माका मुंबई सांगूची नाय." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. आईचं मुंबईशी कधी जमलंच नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती मनाने मालवणकडच्या तिच्या खळ्यातच, म्हणजे अंगणातच, बसलेली होती. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती मला विहिरीचं पाणी किती गोड, फणस कुठल्या बाजूचा कापा आणि कुठला बरका, हे असं सांगायची की जणू मी तिथला सातबारा उतरवून घेणारी तलाठी होते. गावाचं नाव निघालं की तिचा आवाज बदलायचा.

माझ्यासाठी गाव म्हणजे वेगळंच काही होतं. तिथून कॉलेज तालुक्याला, एसटी दिवसातून एकदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीने. आणि एक आत्या, जिच्याकडे माझ्यासाठी एक स्थळ तयार होतं, मुलाची स्वतःची होडी होती म्हणे. मला होडीत बसायचं नव्हतं. मला अकरावीला बसायचं होतं. मला भीती वाटायची, साधी सरळ भीती. त्यामुळे मी सकाळी पुस्तक उघडायच्या आधी गोठ्यात डोकावायची. मॅडमने शेपूट हलवली की भूमिती सुचायची. माझी अॅडमिशन तिच्या चार पायांवर उभी होती, आणि तिला त्याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं.

बाबांनी तिची जी बडदास्त ठेवली ती त्यांनी आमच्यापैकी कुणाचीही ठेवली नाही. रोज आंघोळ. आठवड्याला करंजाचं तेल, कानांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी, आचळांच्या बेचक्यात. दहिसर नाक्यावरून हिरवा चारा, तोही निवडून, जणू मेथीची जुडी घ्यायला आलेत. अंगावर एक गोचीड दिसेल तर शपथ. "गोचीड दाखव आणि माझी मिशी काढ," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. लोकांना मिशीत रस नव्हता. लोक दूध घ्यायला यायचे, आणि दूध झकास होतं. पुढे तिला कालवड झाली, तेव्हा आईनेसुद्धा नजर लागू नये म्हणून कालवडीच्या कपाळाला काजळ लावलं. लावताना तोंड मात्र वाकडंच ठेवलं.

मग माझ्या दहावीच्या वर्षातली वसुबारस आली.

समोरच्या नव्या बिल्डिंगमधल्या बायकांना गेल्या वर्षी गाय मिळाली नव्हती. त्यांनी जिन्यात रांगोळीची गाय काढून तिची पूजा केली होती आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस तिच्यावरून चालत गेला होता. यंदा त्यांना आमच्या गोठ्याची आठवण झाली. निरांजनं, हळदकुंकू, गवारीच्या भाजी-भाकरीचा नैवेद्य, सगळा सरंजाम घेऊन त्या आल्या. पुढे सेक्रेटरीणबाई. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको, पण सोसायटी त्याच चालवायच्या. एका शाळेत त्या संस्कृत शिकवायच्या आणि उरलेल्या जगालाही विनामूल्य शिकवायच्या.

त्यांनी मॅडमला बघितलं आणि ताट खाली घेतलं.

"हिला वशिंड नाही," त्या म्हणाल्या.

"हिच्या जातीला नसतंच," बाबा म्हणाले. "पण दूध बघा ना तुम्ही."

"दुधाचा प्रश्न नाही हो. आज तर गायीचं दूध प्यायचंच नसतं. पण गायीच्या अंगात तेहतीस कोटी देव राहतात. हिच्यात ते राहणार कसे?"

मुंबईतली जागेची टंचाई देवांनाही चुकलेली नव्हती. याच बायका वर्षभर पातेली घेऊन आमच्या दारात उभ्या राहायच्या, तेव्हा मॅडमच्या अंगात कोण राहतं आणि भाडं काय देतं हे कुणी विचारलं नव्हतं. बाबा बिचारे ओशाळून उभे, जणू वशिंड त्यांनीच कुठेतरी विसरून आणलंय.

मग तोडगा निघाला. स्टेशनकडच्या देवळाबाहेर एक म्हातारी गावठी गाय घेऊन बसायची. समोर चाऱ्याच्या पेंढ्या, लोक पेंढी विकत घ्यायचे, गायीला घालायचे, नमस्कार करून ऑफिसला जायचे. खाणं हाच त्या गायीचा धंदा होता आणि तरी ती हाडकुळी होती. तांबडी, बुटकी, पण वशिंड असं की बघत राहावं. तिला आणायचं ठरलं. आता अडचण अशी की वसुबारसेला गाय वासरासकट लागते, आणि तांबडीला त्या साली वासरू नव्हतं. तर सेक्रेटरीणबाईंनी त्यावरही उपाय काढला. गाय देवळाची, वासरू आमचं. वासराच्या पाठीचा मुद्दा कुणी काढला नाही. मॅडमला कोपऱ्यात सरकवलं, तिची कालवड नेऊन तांबडीच्या पोटाशी उभी केली, आणि धर्म पार पडला. मॅडम आपल्या लेकरासाठी हंबरत होती. बायकांना वाटलं, आशीर्वाद देतेय.

तांबडीच्या अंगावर गोचीड होते. होते म्हणजे काय, वस्ती होती. कानात बारीक बारीक, मानेखाली तुरीएवढे, शेपटीखाली एरंडाच्या बियांसारखे टरटरून फुगलेले. बाबांना ते बघवेना. ते बसले आणि एकेक काढायला लागले. आई आतून ओरडली की चुलीत टाका. तेवढ्यात सेक्रेटरीणबाई कळवळल्या. "आजच्या दिवशी जीव नका हो मारू. खाली सोडा, जातील आपले आपण."

कुठे जातील, हे कुणी विचारलं नाही. बाबांनी ते भिंतीच्या कडेला अलगद सोडले. मी बघत होते. ते जरा वेळ तसेच पडून राहिले, मग पाय बाहेर काढून हळूहळू भिंतीकडे चालू लागले. गावावरून मुंबईला नव्याने आलेल्या माणसाला जसा पत्ता सापडतो तसा त्यांना पत्ता सापडला.

फटाक्यांचा त्रास नको म्हणून तांबडी भाऊबीजेपर्यंत आमच्याकडेच राहिली. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. तांबडी गेली, पण तिचं सामान राहिलं.

पुढे काहीच झालं नाही. हीच तर सगळ्यात मोठी भानगड. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, मॅडम ठणठणीत. बाबा मिशीची पैज लावत फिरत होते. मी प्रयोगवहीत झुरळाची पचनसंस्था काढत होते आणि मनातल्या मनात कॉलेजचा डबा भरत होते. होळीच्या सुमाराला ऊन तापायला लागलं, भिंत गरम व्हायला लागली, आणि मॅडमने एका सकाळी चारा हुंगून सोडून दिला.

अंग तापलेलं. डोळ्यांतून पाणी. कानाखाली आणि खांद्यापुढे लिंबाएवढ्या गाठी. दूध तांब्यावर आलं. झालं, सगळी चाळ डॉक्टर झाली. एक म्हणाली दृष्ट. एक म्हणाली बाहेरचं. वाकोल्याहून माझी मावशी खास मिरच्या-मीठ उतरवायला आली, मिरच्यांनी ठसका लागून मॅडम सोडून बाकी सगळे खोकले. समोरच्या बिल्डिंगमधून निरोप आला की विलायती रक्त आहे, आपला उन्हाळा सोसत नाही. बाबा तिला ओलं गोणपाट पांघरून रात्रंदिवस बसून राहिले. माझी परीक्षा तोंडावर होती आणि मला पुस्तकातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

शेवटी बाबांनी सरकारी दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरांना आणलं. तरुण होते, चष्मा सारखा नाकावरून घसरायचा, आणि भाषणाची भारी हौस. त्यांनी मॅडमच्या कानाची शीर टोचली, काचेवर रक्त घेतलं, पापणी खाली ओढून बघितली. आतून ती पांढरी पडली होती.

"गोचीडतापच दिसतोय," ते म्हणाले.

"गोचीड?" बाबा दुखावले. "साहेब, रोज आंघोळ घालतो. करंजेल लावतो. शोधून दाखवा."

डॉक्टरांनी शोधून दाखवले. कानाच्या आत दोन-चार, मांडीत काही. मग ते गायीकडे पाठ करून भिंतीकडे वळले, छत्रीची मोडकी काडी घेऊन एका भेगेत घातली आणि खरवडली. भेगेतून गोचीड बाहेर सांडले. तपकिरी, चपटे, लांब पायांचे. दुसऱ्या भेगेतही तेच. आई दारात उभी होती, ती मागे सरकली. ही आमच्या खोलीचीच भिंत होती. पलीकडच्या बाजूला माझी चटई असायची.

"तुम्ही गाय धूत बसलात," डॉक्टर म्हणाले. "गोचीड गायीवर फक्त जेवायला येतो. राहतो इथे. गिरणगावात तुम्ही लोक कसे, जेवायला खाणावळीत आणि झोपायला गाळ्यावर, दाटीवाटीच्या एका खोलीत? तसं. खाणावळ कितीही धुवा, गाळ्यातली माणसं कमी होतात का?"

बाबा लग्नाआधी तसेच राहिले होते. त्यांना ते एका फटक्यात कळलं.

"बाहेरची गाय आली होती का मधे कधी?"

"नाय," बाबा म्हणाले.

"इली होती," आई म्हणाली. "पावणी."

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला पाठ आहे, दहावीच्या जीवशास्त्रातलं एक वाक्य आठवत नाही पण ते आठवतं. गावठी गाय लहानपणीच या तापातून जाते. जी वाचते तिला पुढे काही होत नाही, पण आजार रक्तात राहतो, ती नुसती त्याची हमाली करत फिरते. गोचिडाचं पिल्लू तिचं रक्त पितं, पोट भरलं की खाली पडतं, भिंतीत शिरून कात टाकतं. थंडीत गप्प बसतं. महिनोन्महिने उपाशी राहायची त्याची तयारी असते. ऊन तापलं की मोठं होऊन, भुकेजून बाहेर येतं, समोर दिसेल त्या गायीला चावतं, आणि पहिल्या जेवणाचं उष्टं तिच्या रक्तात सोडतं. मॅडमने जन्मात गोचीड बघितला नव्हता. तिच्या अंगाला हा आजार ओळखीचाच नव्हता.

"म्हणजे मी तिला स्वच्छ ठेवली ती चूक?" बाबांनी विचारलं.

"स्वच्छ ठेवली हे उत्तम. पाहुणी ठेवली ही चूक."

सुया दिल्या. बाबांनी एका प्लंबरकडून ब्लो-लॅम्प आणून भेगा जाळल्या. आत फटफट आवाज होत होता, वसुबारसेला जे पुण्य जमा केलं होतं ते होळीला फुटत होतं. पण उशीर झाला होता. माझा भूगोलाचा पेपर होता त्या दिवशी मी घरी आले तर गोठ्यासमोर मेलेली जनावरं उचलणारी महापालिकेची गाडी उभी होती आणि बाबा तिच्याकडे न बघता नाल्याकडे बघत होते. मी दप्तर टाकलं आणि रडले. मॅडमसाठी रडले. मग लक्षात आलं की मी होडीसाठीही रडतेय, आणि त्याची लाज वाटून आणखी रडले.

सेक्रेटरीणबाई भेटायला आल्या. "विलायती जनावर," त्या हळहळल्या. "आपलं हवामान नाही मानवत."

"हवामान बरा होता," आई म्हणाली. "वशिंड नाय होता, ताच नडला."

त्या बाई पुन्हा कधी आमच्या दारात आल्या नाहीत.

कालवडीलाही ताप आला होता. पण या वेळी डॉक्टरांना आजार ठाऊक होता, सुई वेळेवर पडली, आणि ती लंगडत, खंगत, पण वाचली. डॉक्टर म्हणाले, आता ही पक्की झाली, आता हीसुद्धा हमाल.

मे महिन्यात बाबांनी ट्रंक काढली. नोटीस ती नोटीस. त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती. ते म्हणाले, कालवड टेम्पोत घालू, गावी चारा फुकट आहे, भाऊ सांभाळेल. मी कोपऱ्यात बसून होते. आई भांडी बांधेल, आनंदाने बांधेल, असं मला वाटलं. इतकी वर्षं ती याच दिवसाचा जप करत होती. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आई म्हणाली, "वासरू गावाक न्हेवचा नाय."

"कित्याक?" बाबांनी विचारलं.

"हेच्या रगतात रोग आसा. थंय न्हेला तर भावोजींची गुरां मरतली. डॉक्टरान सांगल्यान."

"मग ह्याचा काय करूचा?"

"हंयच रवात. आमी पण हंयच."

बाबांनी ट्रंक पुन्हा खाटेखाली सरकवली. एका गोठ्याची वाट लावल्यावर भावाच्या गोठ्याची लावायचा धीर त्यांना नव्हता. पुढच्या महिन्यात ते वॉचमन झाले, तेही कुठे, तर समोरच्याच बिल्डिंगचे. सेक्रेटरीणबाईंच्या गाडीला फाटक उघडायचं काम. आईने चाळीतल्या एकट्या पोरांचे डबे सुरू केले. आणि मी सगळ्यांना सांगत फिरले की गोचिडांच्या कृपेने मी मुंबईत राहिले. हशा पिकायचा.

माझा निकाल लागला, बरा लागला. पेढे द्यायला मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, "मग काय, गावी कधी?"

मी म्हटलं, जात नाही आम्ही. कालवडीमुळे गावच्या गुरांना रोग होईल ना.

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आईला."

ते पेढा खाता खाता थांबले. "अगं, गावठी गुरांना काय होणार आहे? ती तर जन्मापासून हेच घेऊन फिरतात. तुझ्या आईंनी मला नेमकं हेच विचारलं होतं, दोनदा विचारलं. मी म्हटलं, खुशाल न्या."

मी घरी आले. आई गोठ्यात होती. घमेल्यात सिमेंट कालवून ती आमच्या भिंतीच्या भेगा भरत होती, खाली बसून, एकेक, बोटाने आतपर्यंत दाबून. कालवड तिच्या पदराचं टोक चघळत होती. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. तिने मागे वळून बघितलं नाही.

"डॉक्टराक गुरांचा कळता," ती म्हणाली. "चेडवांचा कळणा नाय."

मग घमेलं माझ्याकडे सरकवत म्हणाली, "बगतंस काय, सिमेंट सुकता. हात लाव."